तुम्ही विचारलेत म्हणून: आवडले होते, मग गुण का दिले नाहीत?

एका नाट्यस्पर्धेत परीक्षक असताना, जे नाटक पाहून मी रडलो त्यालाच कमी गुण दिले, म्हणून हा प्रश्न मला गेली बारा-तेरा वर्षे विचारला जातो आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या नागभीडच्या बसथांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर तेरवीच्या जेवणातही तो विचारला गेला. ग्रंथालयाच्या बैठकीत त्याचे रूप थोडे बदलते: लोक जी पुस्तके हातातून सोडत नाहीत ती तुम्ही यादीतून का वगळता, आणि जी कोणी उघडत नाही ती का मागवता? मूळ तक्रार एकच आहे. माणसाला जे आवडते तेच चांगले. त्याहून वेगळे काही 'चांगले' असते असे सांगणारा मनुष्य एकतर ढोंगी असतो किंवा पुण्या-मुंबईच्या चष्म्यातून पाहणारा असतो. आजवर मी या प्रश्नाला हसून बगल दिली. आता निवृत्तीनंतर वेळही आहे आणि सहनशक्तीही पूर्वीइतकी उरलेली नाही, म्हणून लिहितो.

चष्म्याचा आरोप आधी निकालात काढतो. दिवाळी सरली की मी दुपट्टा आणि घोंगडी घेऊन नाटकाला निघतो, हे तुम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावी रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत मी जमिनीवर मांडी घालून बसतो. खलनायकाच्या प्रवेशाला शिट्टी मारणाऱ्यांत मी नसतो, पण ती ऐकू आली नाही तर चुकल्यासारखे मलाही होते. झाडीपट्टीतला, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखातला, नट मोठ्याने बोलतो, हात फेकतो, म्हणून तो बटबटीत, असे शहरातले पाहुणे म्हणतात तेव्हा त्यांच्याशी मी भांडलो आहे. हजारोंच्या उघड्या मैदानात शेवटच्या पोत्यावर बसलेल्या म्हातारीपर्यंत राग पोहोचवायचा असेल तर भुवई उंचावून भागत नाही. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आधी नाक मुरडणाऱ्या काही मंडळींना अचानक आपल्या रंगभूमीचा अभिमान वाटू लागला. त्या एका दिवसात नाटकांचा दर्जा वाढला नव्हता.

तेव्हा मला आवडत नाही म्हणून मी गुण कापतो, हा समज चुकीचा आहे. माझी अडचण उलटी आहे. मला फार सहज आवडते.

माझी आई एचएमटी तांदळाला चांगला म्हणायची. आपल्याच तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या नजरेने हेरून जपलेला तो तांदूळ, घड्याळावरून नाव पडलेला. पाहुणे आले की आई तोच शिजवायची आणि स्वतःच्या ताटात मात्र जाड भात वाढून घ्यायची. 'हा चांगला हाये, पन मले थो गोड लागते,' असे ती म्हणे. या वाक्यात तिला काही विसंगत वाटले नाही आणि आम्हालाही कधी वाटले नाही. नाटकाबद्दल मी हेच म्हणालो की मात्र मी ढोंगी ठरतो.

चित्रपटांतही मला हाच अनुभव येतो. 'कोर्ट' मी दोनदा पाहिला. त्यातली लांब, हलायला तयार नसलेली दृश्ये, न्यायालयाचा तो कंटाळा, आणि खटल्यातली माणसे घरी जाऊन काय जेवतात हे दाखवण्याचा धीर, हे सारे उच्च प्रतीचे आहे असे मी कोणापुढेही सांगेन. आणि दोन्ही वेळा मध्येच मला डुलकी लागली हेही सांगेन. 'श्यामची आई' लागला की मी पहिल्या अर्ध्या तासातच डोळे पुसू लागतो. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हाचे पहिले सुवर्णपदक 1953 च्या त्या चित्रपटाला मिळाले आणि 2014 च्या 'कोर्ट'लाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा रडवणारे ते हिणकस, असे माझे म्हणणे असल्याचा जो प्रवाद आहे तो कृपया कोणी पसरवू नये.

आता त्या स्पर्धेकडे येतो, कारण तुम्हाला खरे तर तेच विचारायचे असते.

तालुक्याच्या ठिकाणच्या त्या स्पर्धेत आम्ही तीन परीक्षक होतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने लिहिलेले आणि त्याच्या गावच्या पोरांनी बसवलेले नाटक दुसऱ्या रात्री झाले. बाप मुलाला शिकवण्यासाठी बोडीखालची बांधी, म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यावरचे धानाचे शेत, विकतो, मुलगा नोकरीला लागतो आणि परत येत नाही, एवढीच त्याची गोष्ट. बांधीचा सौदा सुरू झाला तेव्हापासून माझे डोळे वाहू लागले आणि शेवटी बाप खोकत खोकत मेला तेव्हा मला हुंदका आवरला नाही. दुपट्टा तोंडाला लावून मी खाली पाहत बसलो होतो. शेजारच्या परीक्षकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

माझ्या वडिलांनी मला अध्यापक विद्यालयात घातले तेव्हा बोडीखालचीच बांधी विकली होती. मी परत आलो, हे खरे. पण बांधी परत आली नाही, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देई त्या वर्षी बोडीच्या पाण्यावर दुसऱ्याचे धान हिरवे राहिलेले वडील धुऱ्यावर उभे राहून पाहत असत. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही.

गुणपत्रिका पुढे आली तेव्हा मी स्वतःला बजावले की हे अश्रू तुझ्या घरचे आहेत, नाटकाने ते कमावलेले नाहीत. आणि मग कागदावर मी निर्दयपणे बरोबर होतो. सावकार विनाकारण खदाखदा हसत होता. मुलाचे पत्र नेमके बापाचा शेवटचा श्वास चालू असताना येत होते. मरणाऱ्या माणसाला चार मिनिटांचे भाषण दिले होते आणि त्यानंतर सूत्रधार येऊन तेच भाषण थोडक्यात पुन्हा सांगत होता. संहितेला मी तीसपैकी चौदा दिले. पहिला क्रमांक आम्ही एका नीटस नाटकाला दिला, ज्याची प्रवेश-निर्गमने घड्याळासारखी चालत होती. आज मला त्या नाटकाचे नाव आठवत नाही. अर्थात हाही काही पुरावा नव्हे. साबणाच्या जाहिराती मला चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवतात.

निकालानंतर तो पोरगा मंडपामागे, जनरेटरच्या आवाजात, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रागाने बोलला असता तर मला सोपे गेले असते.

'सर, तुमी रडत होते जी. मी विंगेतून पायलो. मंग गुन काऊन नाही देल्ले?'

मी म्हणालो की रडणे वेगळे आणि गुण वेगळे. वर्गात मी फळ्यावर लिहून देत असे तेच वाक्य त्याला ऐकवले: आवड खासगी असते, दर्जा सार्वजनिक असतो. त्याने मान हलवली, 'हो जी' म्हणाला आणि सामान भरायला निघून गेला. त्यानंतर त्याने नाटक लिहिले नाही. ते माझ्यामुळेच, असे म्हणण्याइतका अहंकार मला नाही. घरची शेती होती, पुढे त्याने बी-बियाण्याचे दुकान टाकले, माणसाला कामे असतात. पण माझ्यामुळे नाही, असेही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि तुमच्यातले काही जण ते मला म्हणू देत नाहीत.

या वादात माझ्याविरुद्ध नेहमी कालिदास उभा केला जातो. 'भिन्नरुचिर्हि लोकः', म्हणजे ज्याची त्याची आवड, संपला विषय. ज्यांनी संस्कृतचे एक पानही वाचलेले नाही तेही हा चरण फेकून मारतात, म्हणून तो कुठला आहे हे एकदा सांगतो. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात आपल्या विदर्भाच्या राजाची बहीण इंदुमती स्वयंवरात अंगदेशाच्या राजावरून नजर काढून पुढे चालू लागते, तिथला तो आहे. त्याआधी कवीने दोन गोष्टी बजावून सांगितल्या आहेत: तो राजा स्पृहणीय नव्हता असे नाही आणि तिला नीट पाहता येत नव्हते असेही नाही. हे दोन्ही मान्य केल्यावर मगच तो आवडीचे नाव काढतो. म्हणजे वस्तूची योग्यता, पाहणाराची नजर आणि पाहणाराची आवड या तीन गोष्टी कालिदासाने एका श्लोकात वेगळ्या ठेवल्या, आणि आपण त्यातला शेवटचा तुकडा तोडून पहिल्या दोन्ही बुडवायला वापरतो.

हा श्लोक मी बैठकांतून विजयी मुद्रेने ऐकवत आलो. पुस्तकांच्या यादीवर वाद झाला की तो हुकमी चाले. आमचे ग्रंथालय 'ड' वर्गाचे, अनुदान तुटपुंजे, त्यात वाचकांना हव्या असलेल्या रहस्यकथा घ्यायच्या की अजून कोणी न मागितलेली कादंबरी, हे कोणाला तरी ठरवावेच लागते. तो कोणी मी असतो आणि रहस्यकथा मी स्वतःच्या पैशाने घेऊन रात्री वाचतो. यात मला लाज वाटत नाही. पूर्वी वाटत असे. पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टन घालत असे.

श्लोकातला दुसरा मुद्दा मात्र मी नेहमी घाईने ओलांडत आलो. इंदुमतीला नीट पाहता येत होते, असे कवी सांगतो. माझ्याबद्दल ते कोणी सांगितले?

गेल्या वर्षी आम्ही गावोगावच्या हस्तलिखित नाटकांच्या वह्या ग्रंथालयासाठी गोळा करायला घेतल्या, तेव्हा तो विद्यार्थीही एक लांबट वही घेऊन आला. धानाच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली होती. पाहून ठेवा, एवढेच म्हणाला. ती मी दोन रात्री वाचली. खदाखदा हसणारा सावकार होता, वेळेवर येणारे पत्र होते, चार मिनिटांचे भाषण होते. मी दाखवलेले सारे दोष जिथल्या तिथे होते आणि ते दोषच होते. पण बांधीच्या सौद्याच्या प्रवेशात, ज्या प्रवेशात मी दुपट्ट्यात तोंड घालून बसलो होतो, बाप आणि दलाल भावाची घासाघीस करत असतात आणि मागे बहीण प्रेक्षकांकडे पाठ करून सुपात तांदूळ पाखडत असते. तिला एकही वाक्य नाही. सौदा ठरतो, दलाल आकडा उच्चारतो, आणि पुढे कंसात दोन शब्द आहेत: पाखडणे थांबते.

त्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी जमीन विकली जात असताना मुलीला कोणी काही विचारलेले नाही, हे सगळे त्या थांबलेल्या सुपात आहे. आमच्याही घरी धाकटी बहीण होती. ती सातवीनंतर शाळेत गेली नाही.

मी आजवर समजत होतो की अश्रूंमुळे परीक्षक पक्षपाती होतो, वाजवीपेक्षा जास्त गुण देतो, म्हणून सावध राहून ते वजा करावेत. मी वजा केलेही. पण त्या रात्री अश्रूंनी माझे वेगळेच नुकसान केले होते. नाटकात जे खरोखर कलेचे होते ते समोर घडत असताना मी स्वतःच्या वडिलांना पाहत होतो, आणि वर पाहिले तेव्हा उरले होते ते फक्त बटबटीत. म्हणजे मी आवड बाजूला ठेवून दर्जा पाहिला, हे मी त्याला मंडपामागे सांगितले ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. यावर तुम्ही म्हणाल की मग मान्य करा, दर्जा वगैरे काही नसते. ते मी मान्य करणार नाही. दर्जा नसता तर त्या रात्री माझ्याकडून काही निसटले, असे म्हणायलाही जागा उरली नसती.

वही परत न्यायला तो आला तेव्हा मी त्याला सुपाबद्दल सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग हसला.

'थे मी नाही लिवलो जी. तालमीत पोरगी आपोआप थांबली, मंग मी लिवून घेतलो.'

मी पुन्हा वही उघडून पाहिली. सगळी वही काळ्या शाईत होती आणि ते दोन शब्द निळ्या. हे गुण संहितेच्या रकान्यात जायला हवे होते की अभिनयाच्या, हे मला त्या क्षणी ठरवता आले नाही. आजही आलेले नाही. त्या पोरीला अभिनयाचे किती दिले होते, तेही आठवत नाही. बहुधा वाक्य नव्हते म्हणून तिचे नाव यादीतच नसावे.

'आता किती देसान जी?' त्याने विचारले.

मी विचार करून सतरा म्हणालो.

'तीनच वाढले?'

शेवट अजून तसाच आहे, मी म्हणालो. पत्र, भाषण, सूत्रधार.

त्याने वही पिशवीत गुंडाळली, मग काय वाटले कोण जाणे, पुन्हा काढून माझ्या टेबलावर ठेवली.

'शेवटालेच तं तुमी जास्त रडले जी,' तो म्हणाला.