सिडकोतली अंगणवाडी

आज पिल्लूला घेऊन अंगणवाडीत गेले, खरं तर फक्त लसीचं विचारायला, पण तिथे चटईवर बऱ्याच जणी बसलेल्या, कुणाला सातवा महिना, कुणाचं बाळ अजून मान पण न धरणारं, आणि मी दारात दिसताच एकीने "ये गं, पंख्याखाली बस" म्हणून सरकून जागाच दिली. एवढ्याशावरून रडूच आलं मला! घरी सगळे बाळाचंच विचारतात, इथे पहिला प्रश्न "तू जेवलीस का?" सेविकाताई म्हणाल्या ६ महिने फक्त अंगावरचं दूध, घुटी नाही, पाणी पण नाही (सासूबाईंना सांगणार कोण 😄). मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६०००, त्याचं पण त्याच बघतात. बुधवारी परत जाणारे, कुणी येतंय का सोबत?