पट्टी कोरी राहिली, पण कशामुळे?

भाजीवर कीटकनाशक आहे का ते रंगावरून सांगणाऱ्या कागदी पट्ट्या आम्ही बनवत होतो. पहिल्या वीस पट्ट्या मी रात्री तयार केल्या आणि सकाळी त्यांच्यावर नुसतं डिस्टिल्ड वॉटर टाकलं. त्यात कीटकनाशक असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणजे वीसच्या वीस पट्ट्या पिवळ्या व्हायला हव्या होत्या. तीनच झाल्या. उरलेल्या सतरा कोऱ्या राहिल्या, आणि मीच ठरवलेल्या नियमाप्रमाणे कोऱ्या पट्टीचा अर्थ होता: या पाण्यात विष आहे.

हा नियम कुठून आला ते आधी सांगते. आपल्या आणि कीटकांच्याही मज्जासंस्थेत एसिटाइलकोलिन नावाचं रसायन निरोप पोचवतं. निरोप पोचला की ते लगेच तोडून टाकावं लागतं, आणि ते काम एसिटाइलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम करतं. ऑरगॅनोफॉस्फेट या गटातली कीटकनाशकं या एन्झाइममधल्या सेरिन नावाच्या अमिनो आम्लाला जाऊन घट्ट चिकटतात. मग तोडणं थांबतं आणि निरोप चालूच राहतो. कीटक मरतो तो यामुळेच, आणि फवारणी करणाऱ्या माणसाला विषबाधा होते तीही यामुळेच. आम्ही हेच एन्झाइम कागदावर वाळवत होतो. त्याला असा सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइमनं तोडायचं रसायन, द्यायचा की तो तुटला की रंग उमटेल. विष असेल तर एन्झाइम बंद पडेल आणि रंग येणार नाही.

जैविक घटक वापरून एखादा पदार्थ ओळखणाऱ्या अशा साधनाला बायोसेन्सर म्हणतात. त्याची सुरुवात १९६२ साली लेलंड क्लार्क यांनी मांडलेल्या ग्लुकोजच्या एन्झाइम इलेक्ट्रोडपासून धरतात. ग्लुकोजच्या पट्टीत साखर वाढली की सिग्नल वाढतो. आमचं सगळं उलटं होतं. जे शोधायचं ते सापडलं की सिग्नल जातो. हा फरक मला पुस्तकात वाचून कळला होता, पण त्याचा त्रास काय असतो ते त्या सतरा पट्ट्यांनी दाखवलं.

मॅडमनी पट्ट्या पाहिल्या आणि एवढंच विचारलं, "अगं, यातलं एन्झाइम जिवंत आहे हे तुला कशावरून कळतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेलेलं एन्झाइम आणि विषानं बंद पडलेलं एन्झाइम कागदावर अगदी सारखं दिसतं. पुढचं सगळं काम या एका प्रश्नाभोवतीच फिरलं असं मी म्हणेन.

एन्झाइम मेलं होतं ते माझ्या घाईमुळे. पट्ट्या लवकर वाळाव्यात म्हणून मी त्यांच्यावर गरम हवा सोडली होती. मग गार, कोरड्या हवेत सावकाश वाळवायला लागले आणि एन्झाइमच्या द्रावणात ट्रेहॅलोज घातलं. ही एक प्रकारची साखर. पाणी उडून जाताना ती प्रथिनाभोवती पाण्याची जागा घेते आणि काचेसारखी घट्ट बसते, त्यामुळे प्रथिनाची घडी मोडत नाही. पाच मायक्रोलिटरचा थेंब पिपेटच्या टोकावरून कागदाला टेकवायचा, सोडायचा नाही, हे हाताला बसायला वेळ लागला. थेंब उंचावरून पडला तर तो एका बाजूला पसरतो आणि वाळताना एन्झाइम कडेला जमा होतं. मग पट्टीवर सलग रंगाच्या जागी फक्त एक कडं उमटतं, आणि मधली जागा कोरी आहे की फिकट यावरून वाद सुरू होतात.

पट्ट्या टिकायला लागल्या, तेव्हा पालेभाज्यांची पाळी आली. तोवर आम्ही एलमन यांची १९६१ सालची पद्धत वापरत होतो. त्यात एसिटाइलथायोकोलिन तुटलं की सुटणारा थायॉल, म्हणजे गंधक असलेलं एक रसायन, डीटीएनबी या रंग देणाऱ्या रसायनाशी जुळतो आणि पिवळा रंग येतो. प्रयोगशाळेतल्या यंत्रात ४१२ नॅनोमीटरला हा रंग फार सुंदर मोजता येतो. पण पानांच्या पाण्यात थोडा जरी हिरवा अंश उतरला तरी डोळ्याला तो पिवळा नीट दिसेना. त्याहून वाईट म्हणजे डीटीएनबी कुठल्याही मोकळ्या थायॉलशी जुळतं, आणि वनस्पतींच्या रसात ग्लुटाथायोनसारखी अशी रसायनं असतातच. म्हणजे विष असूनही पट्टी पिवळी होऊ शकते. कोऱ्या पट्टीनं उगाच घाबरवलं तर माणूस पुन्हा तपासून बघेल. विष असताना रंग आला तर तो निर्धास्त होऊन खाईल. त्या दिवशी मी पिवळा रंग कायमचा सोडला.

त्याऐवजी इंडॉक्सिल एसिटेट घेतलं. ते तुटलं की हवेतल्या ऑक्सिजननं निळीचा रंग तयार होतो, आणि निळा रंग हिरव्यातही ओळखू येतो. पण पानांमध्ये स्वतःची एस्टरेज एन्झाइम्स असतात आणि तीही हे सब्स्ट्रेट तोडतात. त्यामुळे पान वाटायचं नाही, चिरायचंही नाही. फक्त वरवर बफरनं, म्हणजे आंबटपणा बदलू न देणाऱ्या द्रावणानं, धुऊन ते पाणी घ्यायचं. पानाच्या आत मुरलेलं कीटकनाशक यात निसटतं. ही मर्यादा आम्ही समजून उमजून पत्करली.

आता पट्टीचे दोन भाग झाले. एकावर एन्झाइम, दुसऱ्यावर सब्स्ट्रेट. सॅम्पलचा थेंब एन्झाइमवर टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग पट्टी मधोमध दुमडून अंगठा आणि तर्जनीत तीन मिनिटं दाबून धरायची. दाबून धरायचं ते फक्त दोन्ही कागद चिकटावेत म्हणून नव्हे. बोटांच्या उबेनं एन्झाइमचा वेग वाढतो. हे आम्हाला उशिरा कळलं. एकाच सॅम्पलवर माझी पट्टी गडद निळी यायची आणि माझ्या सहकारी मैत्रिणीची फिकट. आठवडाभर आम्ही द्रावणं तपासत बसलो. शेवटी तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुझे हात किती गरम आहेत गं!"

यावर आणि मॅडमच्या प्रश्नावर उपाय एकच निघाला. पट्टीवर दोन गोल घ्यायचे. एकावर सॅम्पल, दुसऱ्यावर शुद्ध पाणी, आणि दोन्ही एकाच वेळी दुमडायचे. पाण्याचा गोल निळा झाला तर एन्झाइम जिवंत आहे. हात गार असतील तर दोन्ही गोल सारखेच फिकट येतील, आणि वाचणाऱ्यानं एकाची तुलना दुसऱ्याशीच करायची. सॅम्पल आंबट असलं तरी एन्झाइम मंदावतं, म्हणून कागदातच पीएच ८ चा बफर वाळवून ठेवला.

एन्झाइम किती घालायचं यावर सगळ्यात जास्त दिवस गेले. भरपूर घातलं तर रंग झटकन येतो, पट्टी दिसायला झकास, पण थोडंसं विष त्यातलं थोडंसंच एन्झाइम बंद करतं आणि उरलेलं एन्झाइम तरीही निळा रंग देतं. कमी घातलं तर पट्टी संवेदनशील होते, पण रंग कष्टानं येतो. विषाशी गाठ पडायला जास्त वेळ दिला तरी संवेदनशीलता वाढते, कारण एन्झाइम एकदम नाही, हळूहळू बंद पडत जातं. पण बाजारात उभा असलेला माणूस किती वेळ थांबेल? दहा मिनिटं आम्ही या विचारानं ठरवली.

मग मॅडमनी बारा बाटल्या दिल्या. फक्त आकडे टाकलेल्या, आत काय आहे ते त्यांनाच ठाऊक. हातमोजे घालून, विषारी वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हुडखाली मी त्या तपासल्या. अकरा बरोबर आल्या. सात नंबरची बाटली मी 'काही नाही' म्हणून लिहिली होती. तिच्यात क्लोरपायरीफॉस हे ऑरगॅनोफॉस्फेट होतं, तेही भरपूर.

मी तोवर सराव केला होता तो पॅराऑक्सॉन आणि डायक्लोरव्हॉसवर. ही थेट एन्झाइमला चिकटतात. क्लोरपायरीफॉसमध्ये फॉस्फरसला ऑक्सिजनऐवजी गंधक जोडलेलं असतं. त्या रूपात ते एन्झाइमला फारसं काही करत नाही. शरीरात गेल्यावर गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो आणि मग ते घातक होतं. पट्टीला शरीर नाही, त्यामुळे तिनं ते सोडून दिलं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. ती पट्टी कोणाच्या स्वयंपाकघरात गेली असती तर, हेच डोक्यात घोळत होतं.

उपाय होता: सॅम्पल आधी एन-ब्रोमोसक्सिनिमाइडनं ऑक्सिडाइझ करायचं, म्हणजे गंधकाच्या जागी ऑक्सिजन बाहेरच आणायचा. पण उरलेलं ऑक्सिडायझर स्वतःच एन्झाइम मारतं, म्हणजे पुन्हा कोरी पट्टी, पुन्हा तोच प्रश्न. म्हणून मध्ये एस्कॉर्बिक आम्ल घालून उरलेलं निष्प्रभ करायचं. आणि आता पाण्याच्या गोलाला देखील हीच सगळी प्रक्रिया द्यायची, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. पायऱ्या वाढल्या, पट्टी पूर्वीइतकी सोपी राहिली नाही. सात नंबरची बाटली पुन्हा तपासली तेव्हा पाण्याचा गोल निळा आणि सॅम्पलचा गोल कोरा होता. मी तो कोरा गोल कितीतरी वेळ बघत बसले.

पाकिटावर काय छापायचं यावर शेवटची चर्चा झाली. मसुद्यात निळ्या रंगासमोर 'सुरक्षित' असा शब्द होता. तो मी खोडला. पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं या एन्झाइमला हातही लावत नाहीत, मग आमची पट्टी त्यांच्याबद्दल काय सांगणार? कार्बामेट गटातली कीटकनाशकं मात्र हेच एन्झाइम बंद पाडतात. म्हणून आता तिथं लिहिलं आहे: 'ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट आढळलं नाही.' त्याच्या खाली, मोठ्या अक्षरात: 'पाण्याचा गोल निळा झाला नाही तर ही पट्टी वाचू नका, टाकून द्या.'