खिळ्यांचा डबा

आजोबांच्या पलंगाच्या पाच फळ्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून होत्या. ताईला दिवस गेल्याचं कळलं आणि मला सुतारकीचा झटका आला. बाळाच्या खोलीतलं सगळं आपल्या हातानं करायचं! "पाळणा मात्र करायचा नाही हं," ताईनं आधीच बजावलं. बरंच झालं. पाळण्याच्या गजांमधली फट ६ सेंटिमीटरच्या आत ठेवायची आणि जुनं लाकूड ऐनवेळी तडकणार नाही अशी हमीही द्यायची, एवढी छाती माझी नव्हती. एक छोटी मांडणी, खुंट्यांची पट्टी आणि छताला टांगायचे पाच पक्षी, इतक्यावर ठरलं.

घडवणं म्हणजे जोडणं, असा माझा समज. पहिले तीन रविवार नुसते खिळे उपसण्यात गेले. वाकलेले, गंजलेले, डोकं उडालेले. एक तर इतका आत दडलेला, की लोहचुंबक फिरवला म्हणून सापडला. नाहीतर करवतीचे दात गेले असते. सगळे खिळे पत्र्याच्या एका डब्यात टाकत गेले. कशाला, ते विचारू नका.

दोन फळ्यांवर जुन्या हिरव्या रंगाचे पापुद्रे होते. घासून काढायला हात शिवशिवत होते. पण जुन्या रंगात शिसं असू शकतं, घासलं की त्याची धूळ होते, आणि लहान मुलांसाठी शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. फळ्या मुकाट्यानं परत माळ्यावर.

उरलेल्या तिघींनी मात्र सगळं भरून दिलं. वरची काळपट साय रंध्यानं निघाली आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड डोकावलं. वासही असा ताजा, की झाड कालच कापलंय! मग पॉलिश पेपर: आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. मध्येच ओलं फडकं फिरवायचं, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात आणि पुढच्या हातात साफ होतात. बोटांना गुळगुळीत लागलं तरी मी गालावर घासून बघायची. आई दारातून बघून जायची. काही बोलायची नाही, तेच जास्त लागायचं.

शेवटी जवसाचं तेल. त्याच्या चिंध्या चुरगळून टाकल्या तर आपल्याच उष्णतेनं पेट घेऊ शकतात, म्हणून दोरीवर एकेक पसरून वाळत घातल्या.

सगळ्यात छोटा पक्षी सगळ्यात सुबक झाला होता. पण टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून तो आरपार गेला. म्हणजे तान्ह्या मुलाच्या घशात अडकण्याइतका लहान. तो माझ्या टेबलावर राहिला.

भाची आली. जन्मलेल्या बाळाला २०-३० सेंटिमीटरवरचंच काय ते नीट दिसतं. माझे चार पक्षी तिला धूसर ठिपके वाटत असणार. चौथ्या महिन्यात नजर लांब पोचू लागली, तर आता लवकरच ती हातांवर रेटा देऊन उठू लागेल आणि मग ओढून घेण्याच्या भीतीनं पक्षी उतरवावेच लागतील.

परवा एक खुंटी ढिली झाली म्हणून हत्यारं घेऊन गेले. पिशवीतून डबा काढताना खिळे खळखळले. पक्ष्यांकडे ढुंकूनही न बघणारी बाई मान वळवून डब्याकडे बघत राहिली. मी पुन्हा वाजवला. हसली.

"मावशी, अजून एकदा," ताई तिच्या वतीनं म्हणाली.


डबा आता मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे, झाकण घट्ट लावून.