तलावपाळीवर दीपगृह शोधताना

भाचा रत्नागिरीचा, भगवती किल्ल्यावरचं दीपगृह बघत वाढलेला. ठाण्याच्या तलावपाळीवर पाय ठेवल्या ठेवल्या त्यानं विचारलं, "आत्या, एवढं पाणी आहे, मग दीपगृह कुठाय?" तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या फिरतात, त्यांना कसलं दीपगृह! पण प्रश्न डोक्यात राहिला. ठाण्याच्या पाण्यावर नजर ठेवायची जागा होतीच, फक्त ती तळ्याकाठी नाही, खाडीकडे. म्हटलं, चल दाखवते.

आम्ही रविवारी सकाळी साडेसातला स्टेशनच्या पश्चिमेला उतरलो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी जिथे आली तेच हे स्टेशन; आता तिथे एवढी रेटारेटी असते की हे आठवायलाही फुरसत मिळत नाही. तिथून चालतच या. गाडी आणलीत तर अर्धा वेळ पार्किंग शोधण्यात जाईल. दहा-पंधरा मिनिटांत जांभळी नाका येतो आणि समोर मासुंदा तलाव, हीच ती तलावपाळी.

आधी कौपिनेश्वर. ठाणं शिलाहारांचं श्रीस्थानक, आणि देवस्थान त्या काळापासूनचं मानतात. सध्याचं देऊळ पेशवाईतलं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६०च्या सुमारास उभारलेलं. शिवलिंग इतकं मोठं की भाचा आधी नुसता बघतच राहिला, मग नमस्कार केला. सोमवारी आणि महाशिवरात्रीला पोरांना घेऊन जाऊ नका. पाडव्याची शोभायात्रा बघायची असेल तर मात्र गर्दी गृहीत धरूनच या. तलावाच्याच काठावर सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. प्रार्थना चालू होती म्हणून आम्ही बाहेरूनच बघितलं.

पुढे टेंभी नाका, कोर्ट नाका, आणि मग ती भिंत. ठाण्याचा किल्ला म्हणजेच आजचं मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी तो खाडीवर लक्ष ठेवायला बांधायला घेतला, पण पुरा व्हायच्या आतच १७३७ साली मराठ्यांनी साष्टी बेट घेतलं आणि किल्लाही. डिसेंबर १७७४मध्ये तो इंग्रजांकडे गेला. कल्याणहून मुंबईला जाणारी गलबतं याच पाण्यातून जायची. किल्ला ज्याच्या हातात, त्याची जलवाटेवर नजर.

भाच्याला सगळ्यात आवडली ती त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट. दुसऱ्या बाजीरावाचे हे कारभारी, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या प्रकरणात इथे कैदेत होते. पहारेकरी गोरे, त्यांना मराठीचा गंध नाही. म्हणतात की एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करत गाणी म्हणायचा, आणि त्या गाण्यांतच पळायचा बेत असायचा. गोरे ऐकत होते, त्रिंबकजी समजत होते. सप्टेंबर १८१६मध्ये ते निसटले. पोरानं लगेच भिंतीजवळ जाऊन गुणगुणायला सुरुवात केली, मी हात धरून मागे ओढलं.

दुसरी गोष्ट मी हळू आवाजात सांगितली. १९ एप्रिल १९१०ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना याच तुरुंगात फाशी दिली. नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेव्हा कान्हेरे सतरा वर्षांचे होते. भाचा बारा वर्षांचा आहे. तो काही बोलला नाही, मीही नाही.

आता कामाचं. आत जाता येत नाही, तेव्हा किल्ला बघितल्याचं समाधान मिळेल या आशेनं येऊ नका. भिंत आणि बुरूज रस्त्यावरून दिसतात, तेवढंच. फोटो काढू नका. आम्ही मोबाईल नुसता वर केला तर शिपायानं लांबूनच हात हलवला. सावली कमी आहे, नऊच्या आत उरका, पाणी जवळ ठेवा. आणि खाडी दिसेल असं समजू नका. ज्या पाण्यासाठी किल्ला बांधला ते आता इमारतींमागे गेलंय. मला तरी सगळ्यात खटकलं ते हेच.

भाचा मात्र भिंतीवरच्या पहारेकऱ्याच्या चौकीकडे बघत होता. "रात्री तिथे दिवा असतो?"

"असेल की."

"मग चालेल," म्हणाला.

परतताना मामलेदार मिसळ खाल्ली. मुलं बरोबर असतील तर कमी तिखट असं आधीच सांगा. आम्ही मध्यम सांगितली, आणि त्याला दोन ताक लागली.