मृग, मे महिना आणि लॅपटॉप

साताऱ्याच्या घरची गच्ची, मे महिन्याची सुट्टी, ओळीने घातलेली अंथरुणं आणि बाबांचं आभाळाकडे गेलेलं बोट. "ते बघ, मृगाचे चार पाय. पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. आणि तो खाली चमकतोय ना, तो व्याध." ही आठवण मी इतक्यांदा सांगितली आहे, की तिच्यावर शंका घ्यायचं कधी मनातच आलं नाही.

परवा लॅपटॉपवर स्टेलॅरियम उतरवून घेतलं. फाबियाँ शेरो नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेलं हे आभाळ फुकट मिळतं. गाव निवडायचं, तारीख-वेळ घालायची, की त्या क्षणीचं तिथलं आकाश पडद्यावर हजर. मी सातारा निवडलं. तारीख २५ मे १९८८, वेळ रात्री दहा.

मृग नव्हता.

सप्तर्षी उत्तरेला ऐसपैस पसरलेले, स्वाती जवळजवळ माथ्यावर, आग्नेयेला वृश्चिकाची नांगी नुकती वर येत असलेली. मृगाचा पत्ता नाही. काळ उलटा फिरवत आठपर्यंत आलो, तेव्हा तो पश्चिमेला अर्धाअधिक क्षितिजाखाली उतरलेला सापडला. म्हणजे आमची जेवणं आटोपून गाद्या वर जाईपर्यंत स्वारी केव्हाच मावळलेली असणार. ८७ घालून पाहिलं, ८९ घातलं. वर्ष बदलून तारे थोडेच बदलणार! तरी घातलं.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, ती कोजागरी असेल. मे महिन्यात तू कुठला जागा राहायला? पडल्या पडल्या घोरायचास. कोजागरीला मात्र मसाला दुधाच्या आशेने बारापर्यंत डोळे टक्क."

ऑक्टोबरातली पौर्णिमा काढली. अकराच्या सुमारास पूर्वेकडून मृग आडवा होऊन वर येत होता. चूक कबूल.

आपल्याला आकृत्यांची नावं पाठ असतात, वेळापत्रक नाही. या प्रोग्रामने मला ते शिकवलं, तेही न शिकवता. (त्यात सुरुवातीला मृगाच्या जागी ओरायन हा शिकारी दिसतो. तिकडे जो शिकारी, तीच आपल्याकडे शिकार. सेटिंगमधून आकाशाची परंपरा बदलता येते, हे मला फार उशिरा कळलं.)

मग खुमखुमी आली. शेतकऱ्यांचा मृग लागतो ७-८ जूनला. ८ जून, दुपारी साडेबारा. पडद्यावर अर्थातच निळं आकाश. कीबोर्डावरचं 'ए' दाबलं, की वातावरण गायब होतं आणि भर दुपारी तारे उगवतात. दाबलं. सूर्य माथ्यावर, रोहिणीला मागे टाकून वृषभाच्या शिंगांकडे निघालेला. त्याच्या दक्षिणेला, अगदी शेजारी, मृग. पाय, बाण, सगळं जागच्या जागी. मृग नक्षत्र लागलं म्हणजे सूर्य मृगाच्या घरी आला, हे लहानपणापासून ऐकत होतो. पण त्याचा सरळ अर्थ असा, की ज्या दिवसांत सगळा महाराष्ट्र मृगाची वाट बघतो, नेमक्या त्याच दिवसांत तो उन्हाच्या झोतात बुडून दिसेनासा झालेला असतो. हे डोळ्यांनी बघेपर्यंत डोक्यात शिरलंच नव्हतं.

रविवारी आई आली, तेव्हा तिला हे दाखवलं. तिने चष्मा सावरून सूर्य पाहिला, मृग पाहिला, 'ए' दोनदा स्वतः दाबून पाहिलं. दिवसा तारे दिसतात म्हटल्यावर हसलीही. मग म्हणाली, "छान आहे रे. यंदा वाहन काय दाखवतंय मृगाचं? बेडूक की म्हैस?"

सगळे मेन्यू उघडून पाहिले. गुरूचे उपग्रह होते, शनीची कडी होती, लाखो तारे होते. पावसाचा अंदाज सांगणारं पंचांगातलं नक्षत्राचं वाहन कुठेच नव्हतं.

"मग कॅलेंडर आण," आई म्हणाली.