काळ्या दगडाच्या देशात एक दिवस: बसने आइसलँडचा दक्षिण किनारा

आईचं वय सत्तर, तिचे गुडघे जिन्याला नाराज, आणि मला रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकायची सवय नाही. त्यामुळे आइसलँडच्या राजधानीला, रेक्याविकला, पोहोचण्याआधीच ठरलं होतं की दक्षिण किनारा बसच्या एक दिवसाच्या सहलीने करायचा. रेक्याविक ते वीक हे गाव सुमारे १८७ किलोमीटर. सकाळी आठला निघायचं, धबधबे, ज्वालामुखी आणि काळा किनारा बघायचा आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत परत. जूनचा पहिला आठवडा होता, सूर्य रात्री अकरा वाजून गेले तरी मावळत नव्हता, त्यामुळे अंधाराची भीती नाही. डिसेंबरात जाणाऱ्यांनी मात्र हे लक्षात घ्यावं की तेव्हा उजेड जेमतेम चार-पाच तास असतो. मग निम्मा प्रवास काळोखात होतो.

पहिली सूचना बसच्या थांब्याची. रेक्याविकच्या जुन्या भागात मोठ्या बसना मज्जाव आहे, म्हणून हॉटेलच्या दारात बस येत नाही. सहलींसाठी क्रमांक दिलेले वेगळे थांबे आहेत. आपला थांबा आदल्या संध्याकाळी चालत जाऊन बघून ठेवा. आमच्या थांब्यावर एक कुटुंब धावत आलं तेव्हा बसचं दार बंद होत होतं. सुदैवाने चालकाने पाहिलं.

दुसरी सूचना खिडकीची. जाताना डाव्या बाजूला बसा. डोंगर, हिमनद्या, धबधब्यांचे कडे सगळे डावीकडे येतात, समुद्र उजवीकडे. आईला मी मुद्दाम डाव्या खिडकीपाशी बसवलं.

शहर मागे पडलं की बस हेल्लिसहेइदीच्या पठारावर चढते. दोन्हीकडे गोठलेला लाव्हा, त्यावर करड्या-हिरव्या शेवाळाची जाड गादी, आणि मधूनच जमिनीतून उठणारी वाफ. इथल्या भू-औष्णिक केंद्रातून वीज आणि रेक्याविकला गरम पाणी जातं. हॉटेलच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो तो बिघाड नव्हे, जमिनीखालच्या उष्णतेची खूण आहे. थंड नळाचं पाणी मात्र सरळ प्यावं, बाटल्या विकत घेण्याची काही गरज नाही. ते शेवाळ पायाने तुडवू नका. ते इतकं सावकाश वाढतं की एका पावलाचा ठसा वर्षानुवर्षं राहतो.

पुढे सपाट कुरणं लागतात, घोडे, मेंढ्या, जांभळ्या ल्युपिनच्या फुलांचे पट्टे. डावीकडे ज्वालामुखी हेक्ला दिसायला हवी होती, पण तिने ढगाची टोपी घातलेली. ११०४ सालच्या मोठ्या उद्रेकानंतर मध्ययुगीन युरोपात हिला नरकाचं दार म्हणत. शेवटचा उद्रेक २००० सालचा. उजवीकडे समुद्रात वेस्टमन बेटं मात्र स्वच्छ दिसली. त्यांतल्या हेइमाए बेटावर २३ जानेवारी १९७३ च्या रात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटली. सुमारे पाच हजार माणसं त्याच रात्री होड्यांतून मुख्य भूमीवर आणली गेली, आणि नंतर बंदराकडे सरकणाऱ्या लाव्ह्यावर समुद्राचं पाणी पंपाने मारून तो थंड करण्यात आला. बंदर वाचलं. हे ऐकताना बसमध्ये एकदम शांतता झाली होती.

इथली नावं बघून घाबरू नका. फॉस म्हणजे धबधबा, योकुत्ल म्हणजे हिमनदी, फ्यात्ल म्हणजे डोंगर, वीक म्हणजे खाडी. आपल्याकडच्या वाडी, खुर्द, बुद्रुकसारखंच. एवढं कळलं की पाट्या आपोआप वाचता येतात.

पहिला मोठा थांबा सेल्यालान्त्सफॉस. साठ मीटर उंचीवरून पाणी सरळ खाली पडतं आणि त्याच्या पाठीमागून पायवाट जाते. मी लहानपणापासून पावसाळ्यात सह्याद्रीतले धबधबे बघत आले आहे, पण पाण्याच्या पडद्याआडून बाहेरचं हिरवं मैदान बघणं वेगळंच. वाट ओली आणि दगडाळ आहे, काही ठिकाणी हात टेकून चढावं लागतं. आई अर्ध्यापर्यंत माझा दंड धरून आली, पडद्याआड पाच मिनिटं उभी राहिली आणि आल्या वाटेने परत फिरली. ते पुरेसं होतं. गुडघे दुखणाऱ्यांनी पूर्ण फेरी करायचा हट्ट धरू नये. मागची बाजू अर्ध्या वाटेवरूनही दिसते. हिवाळ्यात बर्फामुळे ही वाट बंद करतात.

इथे भिजणं अटळ आहे. पाणी खालून, बाजूने, वाऱ्याबरोबर कुठूनही येतं. छत्री निरुपयोगी, पहिल्याच झोताला उलटते. पाणी न शिरणारं जाकीट सगळे नेतात, पण तशीच पँट विसरतात, आणि मग उरलेला दिवस ओल्या जीन्समध्ये कुडकुडतात. पँट नक्की न्या. चष्मा पुसायला दोन कोरडे रुमाल आणि मोज्यांचा जास्तीचा एक जोड बसमध्ये ठेवा. आणखी एक: हा धबधबा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी सावलीत असतो. काही सहली आधी थेट वीकला जाऊन धबधबे परतीच्या वाटेवर घेतात. फोटोंची आवड असेल तर तशी सहल निवडा.

इथून स्कोगाफॉस तीसेक किलोमीटर. वाट एयाफ्यात्लायोकुत्लच्या पायथ्याने जाते. नावाचा सरळ अर्थ बेटांच्या डोंगरांवरची हिमनदी. उंची १६५१ मीटर. १४ एप्रिल २०१० ला याच्या बर्फाखालच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तप्त शिलारस वितळलेल्या पाण्याला भिडला आणि क्षणात थिजून काचेच्या पिठासारखी बारीक राख झाली. ती विमानांच्या इंजिनात वितळून चिकटते, म्हणून युरोपचं बरंचसं आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिलं. माझा मामेभाऊ तेव्हा लंडनला अडकला होता आणि मामी रोज दोनदा फोन करायची. ज्या डोंगराने तिची झोप उडवली तो आता खिडकीबाहेर होता: पायथ्याशी लाल छपरांचं शेतघर, गवत हिरवंगार, वर बर्फ.

स्कोगाफॉसही साठ मीटरच, पण पंचवीस मीटर रुंद. हा उभा कडा म्हणजे एके काळचा समुद्रकिनारा. समुद्र आता काही किलोमीटर दूर गेला आहे, कडा तिथेच राहिला आहे. कपारींत समुद्रपक्ष्यांची घरटी आहेत. आपले ठोसेघर, लिंगमळा चार महिने जिवंत आणि मग नुसती ओली रेघ. इथे वर बर्फाचा साठा असल्यामुळे पाणी बारा महिने पडतं. पायथ्याशी जमीन सपाट आहे, आई थेट तुषारांपर्यंत चालत गेली. ऊन पाठीशी आलं आणि तिच्या पायांपासून इंद्रधनुष्य निघालं. शेजारून वर जायला पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. थांबा चाळीस मिनिटांचा असेल तर धडधाकट माणसाला वर जाऊन येता येतं, पण मग खाली उभं राहणं बुडतं. मला विचाराल तर खालीच थांबा. या धबधब्याचा जोर छातीत जाणवतो तो पायथ्याशी.

नंतरचा हिमनदीचा थांबा मी भरभर उरकला. राखेने काळवंडलेला बर्फ आणि एके काळी बर्फ होता तिथे आता तळं, ते बघून मन खट्टू झालं.

रेनिस्फ्याराचा काळा किनारा मात्र सावकाश सांगायला हवा, आणि आधी इशारा. इथून सरळ दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही. लाटा लहान-लहान येत राहतात आणि अचानक एक लाट तिप्पट आत घुसते. किनाऱ्यालगत तळ एकदम खोल असल्यामुळे परतणारं पाणी माणसाला ओढून नेतं. इथे पर्यटकांचे जीव गेले आहेत. वाटेवर धोक्याचा दिवा आणि फलक आहे. लाल दिवा असेल तर खाली उतरायचंच नाही. पिवळा असला तरी समुद्राकडे पाठ करू नका, मुलांचा हात सोडू नका. आमच्यासमोर एक जोडपं फोटोसाठी पाठमोरं उभं होतं, लाट गुडघ्यांपर्यंत आली, दोघं धडपडत पळाले. मार्गदर्शक बाई इतक्या जोरात ओरडल्या की त्यांचा आवाज बसला.

कड्याच्या कुशीत दगडी खांबांची भिंत आहे. लाव्हा सावकाश निवताना आकसतो आणि त्याला तडे जाऊन सहा-पाच बाजूंचे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला असेच खांब आहेत, वयाने मात्र कितीतरी थोर. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आइसलँडचे जुन्यात जुने खडकही दीड-दोन कोटींच्या आतबाहेरचे, आणि रेक्यानेसच्या बाजूला तर गेल्या काही वर्षांत नवा लाव्हा वाहिला आहे. मी आईला हे सांगत होते. ती ऐकत नव्हती. तिने हातमोजा काढला, खांबावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "अगं, हा तर पाट्याचा दगड."

खरंच. आजीचा पाटा-वरवंटा, जातं, उखळ, दारातली पायरी, वेरूळचं कैलास लेणं, सगळं याच जातीच्या दगडातलं. शाळेत बेसाल्ट हा शब्द पाठ केला होता. त्या क्षणी तो पहिल्यांदा घरचा झाला.

शेवटी वीक. पाचेकशे मीटर चालल्यावर दुकान, खानावळ, स्वच्छतागृह. काही ठिकाणी स्वच्छतागृहाला पैसे पडतात, कार्ड जवळ ठेवा. रोख रकमेचं काम कुठेच पडलं नाही. शाकाहारी माणसाला सूप आणि पाव मिळतो, महाग मिळतो. आमच्याकडे दशम्या, लसणाची चटणी आणि गूळ होता, तो बसमध्येच आधी संपवला होता. गावाच्या टेकडीवर लाल छपराचं छोटं चर्च आहे. मागच्या हिमनदीखाली कात्ला ज्वालामुखी झोपलेला आहे, शेवटचा मोठा उद्रेक १९१८ सालचा. तो जागा झाला तर बर्फ वितळून पूर येईल आणि गावकऱ्यांनी या चर्चपाशी जमायचं, असं ठरलेलं आहे.

परतीला बस शांत होती. हॉटेलवर पोहोचल्यावर ओले बूट हीटरजवळ ठेवा, पण आधी वर्तमानपत्र पसरा. आईच्या बुटातून मूठभर काळी रेती निघाली. तिने ती चिमटीत घेऊन दिव्याखाली चोळून बघितली आणि म्हणाली, "किती बारीक दळलंय."