चार टॉप स्पीकर अँप्लिफायरच्या (अँपच्या) एकाच चॅनलला? नको रे बाबा
परवा जत्रेत ऑर्केस्ट्राला साउंड लावला आणि दुसऱ्याच गाण्याला अँप बंद, हात लावला तर तव्यासारखा तापलेला. मागे जाऊन बघतो तर आमच्या पोराने 8 ओहमचे चारही टॉप एकातून एक लूप मारून एकाच चॅनलला जोडलेले, म्हणजे लोड आला 2 ओहमवर (ओहम जितके कमी, तितका अँपवर ताण जास्त), आणि अँपच्या पाठीवर चक्क छापलंय, किमान 4 ओहम. पोरगं म्हणतं, दादा, वाजत तर होतं की! वाजणारच रे, प्रोटेक्टला जाईपर्यंत, म्हणजे अँप स्वतःला वाचवायला बंद पडेपर्यंत. मग दोन टॉप डाव्या चॅनलला, दोन उजव्या चॅनलला, 4-4 ओहम, रात्रभर कुरकुर नाही. आणि छोटा अँप कोकलेपर्यंत ताणू नका, क्लिप झाला, म्हणजे ताकदीबाहेर जाऊन आवाज फाटला, की आधी हॉर्नचा (बारीक आवाजाच्या स्पीकरचा) डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, जातो, 500 वॅटच्या टॉपला मी तरी 800 चा अँप लावतो, लिमिटर (सिग्नल ठराविक मर्यादेपुढे जाऊ न देणारा) टाकूनच.